पंढरी जॉबरची पिवळी वायर

मे महिन्यातली सकाळ, आणि सात वाजताच शर्ट पाठीला चिकटलेला. खाडीवरून निघालेला वारा मधल्या गोदामांच्या पत्र्यांना थडकायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा; वळ गावात त्याचा नुसता वास पोचायचा. पंढरी अंगणात पाटावर बसला होता. डोक्यावर ओला टॉवेल, हातात लांब काठी, समोर दोन चादरींवर पसरलेला जवळा. पावसाच्या आधी आगोट, म्हणजे चार महिन्यांची बेगमी, भरायची तर सुकट पाहिजे, आणि सुकट वाळत घातली की कावळे आलेच. पंढरीची ड्युटी कावळे हाकायची.

बत्तीस वर्षं भिवंडीत यंत्रमागांवर जॉबरकी, म्हणजे माग दुरुस्त करायचं काम, केलेला माणूस. अठ्ठेचाळीस मागांच्या खडखडाटात कुठल्या मागाचा पट्टा ढिला झालाय हे दारात उभं राहून नुसत्या कानानं सांगायचा. कारखाना बंद पडला, शेत गोदामवाल्याला गेलं, आणि आता गोदूबाईनं त्याला कावळ्यांवर नेमलं होतं. त्या नोकरीतही त्याचं बरं चाललं नव्हतं.

"अवं, डावीकडं बगा, डावीकडं! भरला घास न्हेलान मेल्यानं!" गोदूबाई आतून ओरडली.

"बगतंय नं."

"बगून काय व्हतंय? काठी कनाला दिली हाय?"

पंढरीनं काठी आपटली. कावळा हातभर उडाला आणि परत तिथंच बसला. 'माग एका जागी उभे तरी ऱ्हायचे,' पंढरीनं मनात म्हटलं, 'ह्यांना पंख हायत.' बायकोला सांगण्यासारखं हे कारण नव्हतं, म्हणून त्यानं काठी परत आपटली.

आतल्या पुढच्या खोलीत त्याची मुलगी भाविका कॉम्प्युटरवरची कापडं काढून घड्या घालत होती. पाच कॉम्प्युटर, पाच खुर्च्या, भिंतीला गणपतीचं कॅलेंडर. भिवंडीला जाऊन ती शिकली आणि दोन वर्षांपूर्वी तिनं घरातच क्लास काढला. गावातल्या नऊ मुली यायच्या. त्यातली उन्नती तर लग्न होऊन गावात आलेली सून. तिच्या सासूनं, सीताबाईनं, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "दारात हाय म्हनून पाठवतंय. उद्या परीक्षेला कल्यान नि ठाना सांगाल, तं मी न्हाय पाठवायची."

ती परीक्षा बुधवारी होती आणि पहिल्यांदाच वळमध्ये व्हायची होती. ठाण्याहून मॅडम पेपरची सीडी घेऊन येणार, दोन बॅच बसणार. त्या दिवशी केंद्र चालवता आलं नाही तर मुलींना कल्याणला जावं लागणार, म्हणजे उन्नती आणि तिच्यासारख्या चार-पाच जणी घरीच राहणार. भाविकानं हे सगळं बापाला दोनदा समजावून सांगितलं होतं, कारण वीज बापाच्या हातात होती.

लाइट सकाळी दहाला जायची ती एकला यायची, आणि संध्याकाळी पाचला परत जायची. सरकारी कामात एवढं एकच वेळापत्रक मिनिटावर पाळलं जायचं. म्हणून घरात सुटकेसएवढं लाल जनरेटर आणलं होतं. दोरी खेचून चालू करायचं, पेट्रोल घालायचं, लक्ष ठेवायचं. ही कामं घरातल्या मशीनच्या जाणकाराकडे, म्हणजे पंढरीकडे.

आता त्या जाणकारानं जानेवारीत काय केलं, ते सांगायला हवं.

जनरेटर आलं तेव्हा ते अंगणातल्या सिमेंटच्या उतारावर ठेवलं होतं. हा उतार पंढरीनं स्कूटर चढवायला स्वतःच्या हातानं बांधलेला. स्कूटर काही आली नाही, उतार मात्र झाला. तर जनरेटर दहा मिनिटं चालायचं आणि बंद पडायचं. दोरी खेच, खेच, खेच; फुर्र नाही की फार्र नाही. समोरच्या गोदामाच्या फाटकाशी लडकूची थंडाची टपरी. तो बाकावर बसून मोजायचा, "सव्वीस… सत्तावीस… अरं जॉबर, जिमचे पैशे वाचले तुझे!"

पंढरी चिडला आणि त्याच्यातला जॉबर जागा झाला. मागावर एक छोटा काटा असतो. आडवा धागा तुटला की तो काटा माग थांबवतो. कापड खराब होऊ नये म्हणून सोय चांगली. पण काटा जुना झाला की धागा शाबूत असतानाही माग थांबवतो, आणि शिफ्टमध्ये मीटर भरायचे असतात. मग काटा मुकाट्यानं सुतानं बांधून टाकायचा, ही भिवंडीतली जुनी जॉबरविद्या. वाईटात वाईट काय होणार? कापडात बोटभर विरळ पट्टा पडणार, शेट दोन शिव्या घालणार, संपलं. पंढरीनं असे काटे किती बांधले असतील त्याची गणती नाही.

त्यानं इंजिनाभोवती हात फिरवला. एक पिवळी वायर खाली इंजिनाच्या पोटात गेलेली दिसली. बाकीच्या वायरींना काम होतं, ही आपली नुसतीच आत जाऊन बसलेली. कारखान्यातल्या सुपरवायझरसारखी. पंढरीनं तिचा सांधा ओढून वेगळा केला, टोकावर प्लॅस्टिक गुंडाळलं, वरून सूत बांधलं आणि दोरी खेचली. पहिल्या झटक्यात इंजिन चालू. नंतर तीन तास हूं की चूं नाही.

"काय केलंस रं?" लडकू धावत आला.

"तोंड बंद केलं. लय कुरकुर करत व्हतं."

त्या दिवशी पंढरीच्या चालीत जो ताठा आला, तो पुढचे चार महिने उतरला नाही. लडकूकडे थंडाच्या फ्रीजसाठी तसलंच जनरेटर होतं. ते बिचारं कधी बंद पडत नव्हतं, पण पंढरीनं त्याचीही पिवळी वायर काढून बांधून दिली. आजार व्हायच्या आधीच ऑपरेशन. बदल्यात एक थंडा प्यायला आणि ढेकर देऊन म्हणाला, "मशीनचं काय हाय लडकू, त्याचं आयकायचं नसतं."

तर आता सोमवार. दहाला लाइट गेली. पंढरीनं पाटावरून उठून जनरेटर चालू केलं आणि परत कावळ्यांवर हजर झाला. आत मुलींचा सराव चालू. पाऊण तास झाला असेल, इंजिनाच्या आवाजात एक बारीक किरकिर शिरली, कोरड्या रहाटाची असते तशी. त्या नामांकित कानानं ती ऐकली. पंढरीनं मान तिरकी करून निकाल दिला, "लोड आलाय. पोरी जोरात टायपिंग करत असतील."

निकाल लागून दोन मिनिटं झाली नसतील. इंजिन टक् टक् टक् बोललं, आतून खाडकन काहीतरी तुटलं, आणि अंगणात अशी शांतता पसरली की कावळेसुद्धा मान वळवून बघायला लागले.

पंढरीनं दोरी खेचली. दोरी हललीच नाही. आतून कोणीतरी दुसरं टोक धरून बसल्यासारखी. त्यानं पाय रोवून ताकद लावली, दोरी हातातून सुटली आणि जॉबरसाहेब पाठीवर जवळ्यात पडले.

"आगोट, आगोट!" गोदूबाई बाहेर आली. नवरा पडला याचं तिला दुःख असेल, पण ते जवळ्यानंतर.

पंढरीनं तेलाची पट्टी उपसून पाहिली. ठणठणीत कोरडी. जानेवारीपासून तेल घातलं होतं का? पेट्रोल घालत होता, ते दिसतं. तेल… तेल कोण बघतो? बंद पडत नव्हतं ना!

भाविका दारात उभी होती. आत पाच यूपीएस कोकलत होते.

"बाबा," ती म्हणाली, "परवा परीक्षा आहे."

एवढंच म्हणाली. दोन शिव्या घातल्या असत्या तर पंढरीला बरं वाटलं असतं.

दुपारी रिक्षात जनरेटर मांडीवर घेऊन तो भिवंडीला गेला. पुलाखाली एका उस्तादाचं छोट्या इंजिनांचं गॅरेज होतं. उस्तादानं चष्मा कपाळावर चढवला, झाकण खोललं, आणि आतली झिजलेल्या लोखंडाची काळी भुकटी बोटांत चोळून पाहिली. मग त्याची नजर सुतानं बांधलेल्या पिवळ्या वायरीवर गेली.

"ये किसने किया?"

पंढरीनं नजर पुलाकडे वळवली. "है एक आदमी. हमारे गाव का."

"लूमवाला है?"

"तुमको कैसा मालूम?"

"गाँठ देखो ना, चाचा. बिजलीवाला ऐसी गाँठ नहीं मारता. ये धागा टूटता है तब मारते हैं. बड़े प्यार से मारी है." उस्तादानं गाठ कौतुकानं उजेडात धरली. "मगर आदमी गधा है."

"गधाच है," पंढरी म्हणाला.

"इसके पेट में एक फ्लोट है. टाकी में होता है ना, वैसा. तेल कम हुआ, फ्लोट नीचे बैठा. नीचे बैठा तो ये तार करंट को बॉडी में उतार देता है. प्लग में चिंगारी नहीं, इंजन बंद. बस. मरने से पहले सो जाता है. तेल डालो, फिर उठता है. उस गधे ने बोला, नहीं बेटा, तू सोना नहीं, तू मर!"

"कायको ऐसा किया होगा?" पंढरीला आता त्या माणसाचा खरंच राग यायला लागला होता. "लेकिन उस्ताद, तब मशीन नया था. तेल पूरा था. फिर बंद क्यूं पडता था?"

"टेढ़ा रखा होगा. टेढ़ा रखो तो तेल एक बाजू, फ्लोट को लगता है तेल गया. सीधा रखते, किस्सा खतम."

पंढरीच्या डोळ्यांसमोर तो सिमेंटचा उतार आला. स्वतःच्या हातानं बांधलेला, घोटून गुळगुळीत केलेला, न आलेल्या स्कूटरचा उतार.

"लूम का तेल तुम लोग कुप्पी से डालते हो," उस्ताद हात पुसत म्हणाला. "टपकता है, लुंगी पे गिरता है, दिखता है. इसका सब अंदर है. अंदर का ये तार ही बताता है. पार्ट बंबई से आएगा, आठ-दस दिन. और वो आदमी को मेरे पास भेजना. एक थप्पड़ मुफ्त."

"भेजता हूं," पंढरी म्हणाला आणि गालावर हात ठेवून बाहेर पडला.

परतीच्या वाटेवर त्यानं घरी सांगायला तीन कारणं जुळवली: कंपनीचा माल खराब, पेट्रोलात भेसळ, ऊन फार. तिन्ही चांगली होती. पण घरात शिरला तेव्हा भाविका फोनवर कुणाला तरी विचारत होती, "एक दिवसापुरतं द्याल का? नाही… बरं…" तिनं फोन ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. तिन्ही कारणं उंबऱ्यावरच राहिली.

"मशीन खराब नव्हतं, बाय," तो खाली बघत म्हणाला. "ते तेलासाठी बंद पडनारं व्हतं. त्याची वायर मी काढली. मना वाटलं मना कलतंय."

भाविका काही बोलायच्या आधी गोदूबाई माजघरातून म्हणाली, "मंग त्या लडकूच्या मशीनची बी तुमीच काढलीव नं?"

पंढरीनं घड्याळ बघितलं. पाच वाजून गेले होते. संध्याकाळची लाइट गेलेली, आणि गोदामाच्या फाटकाकडून लडकूचं जनरेटर गुरगुरत होतं. पंढरी पायात चप्पल न घालता पळाला.

"बंद कर! लडकू, बंद कर ते!"

लडकूला वाटलं आग लागली. त्यानं पाण्याची बादली उचलली आणि घाईत पंढरीवरच ओतली. निथळत निथळत पंढरीनं इंजिन बंद केलं आणि पट्टी उपसली. अगदी टोकाला, डाळीच्या दाण्याएवढं तेल.

"वाचलं," तो मटकन खाली बसला. मग बसल्या बसल्या सगळं सांगितलं; उतार, उस्ताद, थप्पड, काहीच गाळलं नाही.

लडकूनं बादली खाली ठेवली. मग हसण्यानं त्याचं पोट हलायला लागलं. "म्हंजे तू माज्या चांगल्या मशीनला… बंद पडत न्हवतं त्याला… आनि वरून माजाच थंडा पिलास?"

"पिलो."

"ढेकर बी दिलास."

"दिला. आथा बुधवारी तुझं मशीन देशील कं? भाविकाची परीक्षा हाय. पोरींचं वरीस जाईल."

"देतंय," लडकू डोळे पुसत म्हणाला. "पन वायरीला हात लावशील तं तुझी बोटं बांधून ठेवीन. त्याच गाठीनं."

पंढरीनं तिथंच पिवळी वायर परत जोडली, तेल आणून पट्टीच्या खुणेपर्यंत भरलं, आणि मग मुद्दाम मशीन तिरकं करून पाहिलं. इंजिन लगेच बंद. सरळ केलं, थोडं थांबून दोरी खेचली, चालू. जन्मात पहिल्यांदा मशीन बंद पडलं म्हणून त्याला आनंद झाला.

बुधवारी साडेनऊलाच सरोजिनी मॅडम आल्या. कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये सीडी. त्यांनी आधी खोली पाहिली, मग अंगण. "लाइट गेली तर?" त्यांनी विचारलं. "पेपर मध्येच बंद पडला तर मला केंद्र रद्द म्हणून लिहावं लागेल."

"जाणारच आहे, मॅडम. जनरेटर आहे," भाविका म्हणाली आणि बापाकडे बघितलं नाही.

कॉम्प्युटरची वायर पोचायची ती उतारापर्यंतच. म्हणून पंढरीनं उतरत्या बाजूला विटा रचल्या, वर मशीन ठेवलं, आणि मशीनवर ताटलीत पाणी घालून सपाटी बघितली. पाणी कुठल्याच कडेला गेलं नाही, तेव्हा त्यानं पट्टी बघितली. मग परत पाणी. मग परत पट्टी.

"लगीन लावतोस कं काय त्याचं?" लडकू बाकावरून म्हणाला.

दहाला लाइट गेली, मशीन चालू झालं, पेपर सुरू झाला. उन्नती पहिल्या बॅचला होती. सीताबाई फाटकाशी छत्री धरून उभी. पंढरी मशीन आणि जवळा यांच्या मधोमध पाट टाकून बसला. एक कान इंजिनाकडे, एक डोळा कावळ्यांकडे.

अर्धा तास बरा गेला. मग कावळ्यांनी सभा भरवली. सात-आठ एकदम उतरले. पंढरी काठी घेऊन धावला, दोन उडवले, तिसऱ्याच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेला, आणि पाठीमागे इंजिन फुस्स करून बंद पडलं.

आतून यूपीएस एकसुरात ओरडायला लागले. दहा मिनिटं. यूपीएसची बॅटरी त्याहून जास्त टिकायची नाही.

"बाबा!" भाविकाचा आवाज.

लडकू धावत आला. "काय झालं? खेच दोरी! खेच!" दोरी खेचली, काही नाही. परत, काही नाही. मॅडम खिडकीत येऊन घड्याळ बघत होत्या. लडकू कानाशी येऊन कुजबुजला, "काढ रं ती वायर! आजच्यापुरती! तुझीच विद्या हाय नं!"

वायर समोरच होती. एक झटका, आणि इंजिन चालू झालं असतं. पंढरीचा हात तिथपर्यंत गेलासुद्धा. बत्तीस वर्षांचा हात, त्याला रस्ता पाठ. पण त्याला ती काळी भुकटी आठवली. हे मशीन पेपरच्या मधे खाडकन बोललं, तर ना हे उठणार, ना दुसरं येणार.

"न्हाय," तो म्हणाला. "ते कायतरी सांगतंय. आधी आयकू."

पट्टी उपसली. तेल होतं, खुणेच्या जवळ, पण एका बाजूला चढलेलं. ताटली बघितली, पाणी सगळं एका कडेला. खाली वाकला. थरथरत थरथरत मशीनचा एक पाय विटेवरून खाली उतरला होता. मशीन चालता चालता अक्षरशः चालत गेलं होतं.

"उचल! ह्या बाजूनं. अजून. थांब!"

वीट परत लावली. पाणी मधे आलं. पंढरी दोरी धरून थांबला.

"आथा खेच की!" लडकू नाचायला लागला.

"तेल बसू दे."

"अरं पोरी बसल्यात तिकडं!"

"तेल बसू दे रं!"

मागे अंगणात कावळ्यांची पंगत बसली होती. "अवं, जवला! जवला!" गोदूबाई ओरडत होती. पंढरीनं वळूनही पाहिलं नाही. मनात पन्नास आकडे मोजले आणि दोरी खेचली. फुर्र. दुसऱ्यांदा खेचली.

इंजिन चालू झालं. आत यूपीएस एकेक करून गप्प झाले. मॅडम खिडकीतून नाहीशा झाल्या.

पुढचा दीड तास, दोन्ही बॅच संपेपर्यंत, पंढरी उतारावर मांडी घालून मशीनचा पाय विटेवर दाबून बसला होता. धुराचं तोंड बाजूला होतं, ऊन मात्र डोक्यावर. हाताला पोळत होतं, दात खुळखुळत होते. बत्तीस वर्षांची जॉबरकी, आणि शेवटी नेमणूक विटेच्या जागी. लडकूनं न मागता एक थंडा आणून त्याच्या तोंडाला लावला. "पी. पन ढेकर देऊ नको."

सगळ्यात आधी उन्नती बाहेर आली होती. पदर सावरत म्हणाली, "काका, मधे आवाज बंद झाला तवा मना वाटलं गेलंच. पन सगला लिवला मी." सीताबाईनं छत्री तिच्या डोक्यावर धरली आणि पंढरीकडे बघून विचारलं, "ह्यो इथं काय करतंय?"

"ड्युटी," पंढरी म्हणाला.

एकला लाइट आली. मॅडमनी कागदावर सही केली, सीडी पर्समध्ये ठेवली, चहा घेतला आणि गेल्या. भाविका बाहेर येऊन बापाशेजारी उतारावर बसली. त्याच्या हाताचे तांबडे झालेले पंजे तिनं बघितले, आणि आतून खोबरेल तेलाची बाटली आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, हा उतार फोडून टाकू या."

"उद्याच फोडतंय."

तेवढ्यात गोदूबाई आली. तिनं दोन चादरींवर उरलेला जवळा एकाच चादरीवर गोळा केला होता, आणि तरी चादर अर्धी रिकामी दिसत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, आणि काठी त्याच्या हातात दिली.

पंढरीनं पंज्यांना तेल चोळलं, ओला टॉवेल डोक्यावर घेतला, पाट सावलीत ओढला आणि उरलेला जवळा काठीच्या टोकानं सारखा पसरायला लागला.